बॅरिस्टर बाबासाहेब : वकिलीची आणि पोटापाण्याची कहाणी



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आणि तीत बाबासाहेबांवर लेख नाही, असे कधी होत नाही. घटना, महाड, काळाराम, पुणे करार, नागपूरची धम्मदीक्षा यांवर आपण दरवर्षी वाचतो, लेकरांना सांगतो. पण बाबासाहेब पोटासाठी काय करत होते? घर कशावर चालत होते? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. थोर माणसाला जणू पोटच नसते, असे आपण धरून चालतो.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीला सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा बसविण्यात आला. तो आपल्या चौकाचौकातल्या निळ्या कोटातल्या पुतळ्यासारखा नाही. त्याच्या अंगावर वकिलाचा झगा आहे. हा झगा त्यांनी कसा मिळविला, त्यावर काय कमावले, कोणासाठी घातला आणि कोणापुढे उतरवला नाही, हे मला या लेखात सांगायचे आहे. मी गिरणीतला माणूस आहे, कायदा शिकलेला नाही. पण दोन-चार चरित्रे आणि निकालाची पुस्तके वाचून जे समजले ते मांडतो.

सुरुवात नोकरीपासून करावी लागते, कारण नोकरीनेच त्यांना धंद्याकडे ढकलले. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेला गेले. त्या बदल्यात दहा वर्षे बडोद्यात नोकरी करायची, असा करार होता. अमेरिकेतला अभ्यास उरकून १९१६ साली लंडनला आले. तिथे अर्थशास्त्राबरोबर बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन या संस्थेत नाव घातले. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये मधूनच परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीत होती ती शत्रूने बुडविली. त्या सामानाची भरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले आणि त्याच पैशांवर ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. पाण्याचा थेंब मिळेना, शिपाई कागद लांबून फेकायचे, पारशी खानावळीतून काठ्या घेऊन लोक आले आणि बाहेर काढले. एवढी मोठी पदवी घेतलेला माणूस झाडाखाली बसून रडला. नोव्हेंबरात मुंबईला परत.

आता मुंबईत काय केले ते बघा. दोन पारशी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. एका पारशी गृहस्थाचे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळला. आणि एक कंपनी काढली! शेअरबाजारात पैसा गुंतविणाऱ्यांना सल्ला देणारी कंपनी. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने हा धंदा काढला तर त्यात नवल नाही. सल्ला घ्यायला गिऱ्हाईक येऊही लागले. मग कोणीतरी बातमी फोडली की सल्ला देणारा महार आहे. गिऱ्हाईक बंद. शेअर घ्यायचा की विकायचा, एवढ्या सल्ल्यालासुद्धा विटाळ झाला. पैशाला जात नसते असे व्यापारी लोक म्हणतात. त्यांना ही हकिकत सांगावी.

नोव्हेंबर १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये, त्या काळी फार मोठा. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाचे पाणी पिण्यावरून काही जणांनी कुरकुर केली. तरी बाबासाहेबांनी पगारातला पै-पैसा वाचवून ठेवला आणि परळच्या चाळीतच राहिले. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. त्यांना अर्धी राहिलेली बॅरिस्टरी पुरी करायची होती. साठविलेला पैसा, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पैसे, एवढ्यावर ते पुन्हा लंडनला गेले.

ग्रेज इनची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षा पास होऊन भागत नसे. ठरलेल्या सत्रांत ठरलेल्या संख्येने त्या संस्थेच्या भोजनगृहात इतर वकिलांबरोबर पंगतीला बसून जेवावे लागे. जेवणाच्या हजेऱ्या भरल्याशिवाय सनद नाही. ज्याला आपल्या देशात शाळेत गोणपाटावर वेगळे बसविले, त्याला तिकडे पंगतीत बसून जेवल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नव्हते! १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि एप्रिल १९२३ ला मुंबईस आले.

पण बॅरिस्टर झाले म्हणजे लगेच कोर्टात उभे राहता येते असे नाही. हायकोर्टाची सनद काढायला पैसे लागतात आणि बाबासाहेबांजवळ ते नव्हते. पुन्हा भथेनाच धावून आले. १९२३ च्या पावसाळ्यात सनद निघाली आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली.

इथे कोर्टाची रीत थोडी समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढची अडचण कळणार नाही. मुंबई हायकोर्टाच्या दोन बाजू. एक मूळ बाजू. तिथे मुंबई शहरातल्या मोठ्या व्यापाऱ्यांचे, गिरणीवाल्यांचे, इस्टेटीचे दावे चालायचे. खरा पैसा तिथे. पण तिथे बॅरिस्टरला सरळ पक्षकाराकडून काम घेता येत नसे. पक्षकाराने सॉलिसिटरकडे जायचे आणि सॉलिसिटरने बॅरिस्टर नेमायचा. म्हणजे बॅरिस्टरची चूल सॉलिसिटरच्या हातात. आणि सॉलिसिटर पडले वरच्या जातींचे आणि श्रीमंत समाजांचे. ते अस्पृश्य बॅरिस्टरकडे कशाला काम पाठवतील? दुसरी अपिलाची बाजू. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली अपिले तिथे चालत आणि तिथे ही आडकाठी नव्हती. म्हणून बाबासाहेबांनी अपिलाची बाजू धरली आणि त्याबरोबर ठाणे, पुणे अशी बाहेरगावची कोर्टे. खामगाव, मेहकर, चिखलीच्या कोर्टात सकाळी वळकटी घेऊन बसलेली माणसे आपण बघतो, तसलेच त्यांचे पक्षकार. कोणाचे शेत बळकावलेले, कोणाला मारहाण झालेली, कोणावर खोटी फिर्याद. फी काय मिळणार? पुष्कळांकडून मिळालीच नाही.

कचेरी परळला दामोदर हॉलमध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या जागेत. राहणे पोयबावडीला बी. आय. टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात. बाहेरगावचा पक्षकार रात्री आला तर घरातच उतरायचा. रमाई माहेरी गेलेल्या असताना आलेल्या पक्षकारांना बाबासाहेबांनी स्वतः रांधून वाढले, अशी हकिकत चरित्रात आहे.

वकिलीवर भागेना म्हणून जोडीला शिकवणे चालू ठेवले. जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या शाळेत ते व्यापारी कायदा शिकवीत होते. करार, भागीदारी, हुंडी हे ते विषय. ज्याची स्वतःची कंपनी गिऱ्हाइकांनी विटाळाने बंद पाडली, तो व्यापाऱ्यांच्या पोरांना व्यापाराचा कायदा शिकवीत होता.

याच काळात सरकारकडून जिल्हा न्यायाधीशाची जागा त्यांना देऊ करण्यात आली. ही गोष्ट पुढे त्यांनीच सांगितली आहे. तीन वर्षांनी हायकोर्टाचा न्यायाधीश करू, असेही आश्वासन होते. त्या वेळी त्यांची मिळकत महिना शंभराच्या आसपास आणि राहणे चाळीत. त्यांनी नाही म्हटले. का? न्यायाधीश झाला की तोंड बंद. सभा नाही, पेपर नाही, चळवळ नाही. वकिलीत पैसा कमी असला तरी वकील कोणाचा नोकर नसतो. तो सकाळी कोर्टात उभा राहील, संध्याकाळी सभेत बोलेल, रात्री अग्रलेख लिहील आणि त्याला कारणे दाखवा नोटीस देणारा कोणी साहेब नाही. मला वाटते बाबासाहेबांच्या सगळ्या राजकारणाचा पाया हा आहे. महाडला जाणारा माणूस पगारी असता, तर पहिल्याच तारखेला त्याची बदली झाली असती.

१९२६ साल घरात फार दुःखाचे गेले. जुलैमध्ये धाकटा राजरत्न गेला. आधीही तीन लेकरे गेलेलीच होती. आणि याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी पुण्याला तो खटला लढविला ज्याने वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ नावाचे पुस्तक लिहिले होते. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर त्यात जबर टीका होती. भाषा कडक, काही ठिकाणी शिवराळसुद्धा, हे खरेच आहे. केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि रामचंद्र लाड यांचीही नावे पुस्तकाशी जोडलेली होती. चौघांवर बदनामीची फिर्याद झाली. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी बाबासाहेबांना उभे केले. समोर ल. ब. भोपटकरांसारखे पुण्याचे नावाजलेले वकील.

बाबासाहेबांनी पुस्तक सभ्य आहे की असभ्य या वादात शिरून वेळ घालविला नाही. त्यांनी कायद्याचे मूळ धरले. ज्याची बदनामी झाली म्हणता तो माणूस हयात नाही. मेलेल्या माणसाच्या बदनामीची फिर्याद कोणी करावी? त्याच्या घरच्यांनी, जवळच्या नातेवाइकांनी. हा फिर्यादी तर दूरचा. मग याला फिर्याद करण्याचा अधिकार पोचतो काय? कोर्टाला मुद्दा पटला आणि आरोपी सुटले. ज्या पुण्यात अस्पृश्य वकिलाला कोण विचारतो अशी स्थिती, त्या पुण्यात हा निकाल लागला. तेव्हापासून लोक काम घेऊन आपणहून येऊ लागले.

या खटल्याला एक शेपूट आहे. पुढच्या वर्षी महाडच्या सत्याग्रहाला जेधे-जवळकर पाठिंबा द्यायला तयार झाले, पण अट घातली की चळवळीत ब्राह्मण घ्यायचे नाहीत. बाबासाहेबांनी अट मानली नाही. ज्यांना कोर्टात सोडवून आणले त्यांच्याशीसुद्धा तत्त्वाचा सौदा नाही. पक्षकार वेगळा, चळवळ वेगळी.

दुसरी एक हकिकत ठाण्याची. ऑक्टोबर १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे साक्ष द्यायला बाबासाहेबांना पुण्याला जायचे होते. साऱ्या अस्पृश्य समाजाची बाजू त्या दिवशी मांडायची होती. आणि त्याच सुमारास ठाण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांचा खटला, ज्यात आरोपींच्या गळ्याला फास लागण्याची वेळ होती. एकीकडे लाखो लोक, दुसरीकडे पाच-पंचवीस माणसांचे प्राण. चरित्रकार सांगतात की त्यांनी न्यायाधीशांना विनंती करून सरकारी वकिलाच्या आधी बचावाचे भाषण करण्याची परवानगी मिळविली, बाजू मांडली आणि मग पुणे गाठले. सरकारी वकील काय बोलणार आहे हे न ऐकता त्याचे उत्तर आधीच द्यायचे, हे किती अवघड काम! आरोपींपैकी पुष्कळ जण सुटले.

आता महाड. आपण महाड म्हणजे २० मार्च १९२७ चे ओंजळभर पाणी एवढेच लक्षात ठेवतो. पण ते पाणी कायद्याने आपले व्हायला त्यानंतर दहा वर्षे कोर्टात झगडावे लागले, हे आपल्या पोरांना माहीत नसते. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. मार्चमध्ये आपले लोक पाणी प्याले, मार खाऊन परतले, आणि गावच्या सनातन्यांनी तळे शुद्ध करून घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा विरोधकांनी काठ्यांऐवजी कोर्ट हाती घेतले. १२ डिसेंबर १९२७ ला धारप वगैरे मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. प्रतिवादी बाबासाहेब, शिवतरकर आणि इतर. म्हणणे असे की तळे स्पृश्य हिंदूंच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. १४ तारखेला कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

२५ डिसेंबरला हजारो सत्याग्रही महाडला जमलेले. जेलमध्ये जायची तयारी करून आलेली माणसे. आणि पुढाऱ्याच्या हातात कोर्टाचा हुकूम! बाबासाहेबांनी लोकांना समजावले. आपले भांडण सरकारशी नाही, कोर्टाचा हुकूम मोडला तर सनातनी आणि सरकार दोघेही आपल्यावर उलटतील. सत्याग्रह तहकूब झाला. लोकांनी तळ्याला वेढा घालून मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. किती जणांच्या मनात चरचरले असेल! पण मनुस्मृती त्याच परिषदेत जाळली, कारण तिला कोणा कोर्टाचा मनाईहुकूम नव्हता.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. दावा मात्र चालत राहिला. साक्षी, जुने कागद, सर्व्हेचे उतारे, नगरपालिकेचे ठराव. बाबासाहेब इथे नुसते वकील नव्हते, प्रतिवादी होते. मधल्या काळात ते लंडनला गोलमेज परिषदेला जाऊन आले, पण महाडच्या तारखा सुटल्या नाहीत. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. ते ठाण्याला अपिलात गेले, १९३३ मध्ये तिथेही हरले. मग हायकोर्टात आले.

हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांच्यापुढे. (हेच ब्रूमफिल्ड १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे.) कोर्टाने प्रश्न सरळ ठेवला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, सार्वजनिक. वहिवाट सांगता, तर ती अनादी काळापासून असल्याचे सिद्ध करा. नगरपालिका येण्याआधी काय होते याचा पुरावा कुठे आहे? अस्पृश्य पूर्वी तिथे पाणी भरायला जात नसतील, पण जात नव्हते म्हणजे त्यांना रोखण्याचा हक्क तुम्हाला होता, असे होत नाही. अपील फेटाळले. दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

या निकालात आपल्या खेड्यापाड्याला लागू पडणारी गोष्ट आहे. गावात अजूनही पाणी, रस्ता, स्मशान यावरून तंटा निघाला की समोरचा म्हणतो, पहिल्यापासून असेच चालत आले आहे. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? कागद दाखव. बाबासाहेबांच्या वकिलीने हा एक सवाल आपल्या हातात दिला.

सगळे खटले ते जिंकले असे मात्र नाही. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. संततिनियमन आणि लैंगिक प्रश्नांवर वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली, हा गुन्हा. त्या काळी कर्व्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे बदनामीला आमंत्रण. बाबासाहेब उभे राहिले. कोर्टाने ऐकले नाही, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण स्वतःच्या समाजाचा प्रश्न नसताना, मते मिळण्याची आशा नसताना, एका ब्राह्मण संपादकाच्या बोलण्याच्या हक्कासाठी ते उभे राहिले, ही नोंद राहिलीच.

आता दोन शब्द पैशाबद्दल. वकिली जमली तेव्हा त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. बंगला म्हणून नव्हे, पुस्तके ठेवायला जागा म्हणून. १९३० च्या दशकात ते चाळ सोडून तिथे राहायला गेले. खारला चारमिनार नावाची आणखी एक इमारत होती, ती कर्ज फेडण्यासाठी १९४१ मध्ये विकावी लागली. ‘जनता’ पत्रासाठी भारत भूषण छापखाना चालविला, त्याचेच पुढे बुद्ध भूषण प्रेस झाले. छापखाना हा कमाईचा धंदा म्हणतात. इथे कमाई कोर्टातली आणि खर्च छापखान्याचा, असा उलटा कारभार होता.

सरकारचा पगार त्यांनी कधी घेतलाच नाही असेही नाही. १९२८-२९ मध्ये सरकारी लॉ कॉलेजात ते प्राध्यापक होते आणि जून १९३५ ते मे १९३८ तिथलेच प्राचार्य. पण बघा, प्राचार्य झाल्यावर चारच महिन्यांनी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पुढच्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. खुर्ची जाईल म्हणून एक शब्द गिळला नाही. खुर्ची त्यांनी स्वतःच सोडली.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री, १९४७ ला कायदेमंत्री. ही वर्षे वकिली बाजूला राहिली. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून राजीनामा दिला आणि साठीच्या घरात, शरीर मधुमेहाने पोखरलेले असताना, त्यांनी पुन्हा झगा चढवला. या वेळी सर्वोच्च न्यायालयात, आणि उत्तर प्रदेशच्या जमीनदारांच्या बाजूने.

हो, जमीनदारांच्या. आपले लोक ही गोष्ट सांगत नाहीत, पण ती खरी आहे. जमीनदारी नष्ट करण्याच्या कायद्याविरुद्ध ते उभे राहिले. घटनेचा आत्माच असा आहे की मोबदला दिल्याशिवाय आणि सार्वजनिक हेतूशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १९५२ मध्ये सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांच्या कोर्टाने तो मान्य केला नाही. घटना लिहिणाऱ्याला घटनेचा आत्मा सांगू दिला नाही म्हणा ना! ज्यांनी १९४७ साली शेतजमीन सरकारच्या मालकीची करा असे लिहून दिले होते, ते जमीनदारांचे वकील कसे? बॅरिस्टर पक्षकाराचे मत घेऊन उभा राहत नाही, त्याचा कायद्यातला मुद्दा घेऊन उभा राहतो, हे वकील मंडळी सांगतात आणि मला ते समजते. फाशीच्या आरोपीसाठी, कर्व्यांसाठी, जेध्यांसाठी ते असेच उभे राहिले होते. तरीसुद्धा भूमिहीनाच्या पोटी जन्मलेल्या मला ही एक गोष्ट खटकते आणि खटकते ते लिहिले पाहिजे.

वकिली शिकण्यासाठी आपल्याला मित्राकडून उसने घ्यावे लागले, बोटीने परदेशी जावे लागले, हे ते विसरले नव्हते. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना कामावर जाण्याआधी शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. १९५० ला औरंगाबादला मिलिंद. आणि १९५६ साली, ज्या वर्षी ऑक्टोबरात नागपूरला आपण सगळे बुद्धाला शरण गेलो आणि डिसेंबरात ते आपल्याला सोडून गेले, त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ लॉ कॉलेज सुरू झाले. आपल्या वऱ्हाडातल्या कोर्टात काळा कोट घालून जाणारी आपली मुले-मुली आता दिसतात. त्या पोरांना सनद काढायला मित्राचे पाचशे रुपये शोधावे लागत नाहीत.